नव्या होडीला अनुदान : पण जुन्या होडीचे काय?

वाणगावच्या बाजारात बसणाऱ्या माणसाला दुकानातून समुद्र दिसत नाही. मिरचीच्या वाड्या दिसतात आणि चिंचणीकडे जाणारा रस्ता दिसतो. तरीही आमच्या कापडाच्या दुकानाचा गल्ला बराचसा समुद्रावर चालतो, हे आम्ही दुकानात बसू लागल्यापासून पाहत आलो आहोत. वरोर, वाढवण, धाकटी डहाणू, तारापूर, नवापूर, मुरबे, सातपाटी या गावांत मासळी चांगली आली, तर त्या साली लग्नाचे बस्ते मोठे बांधले जातात. मासळी पडली नाही, तर उधारीची वही फुगते. जी गोष्ट आमची, तीच बर्फवाल्याची, जाळी व दोर विकणाऱ्याची, टेम्पोवाल्याची, डिझेल इंजिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराची आणि होडीच्या सुताराची. या धंद्यांत आपले अनेक मुस्लिम बांधव आहेत. दक्षिण कोकणात तर दालदी बांधव स्वतः पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आले आहेत.

म्हणून नव्या होडीसाठी मिळणारे सरकारी अनुदान हा विषय केवळ मच्छिमारांचा आहे, असे समजून आपण तो बाजूला टाकू नये. अनुदानाच्या होडीत भांडवल घालावे काय, तिच्या भरवशावर बर्फाचा कारखाना वाढवावा काय, उधारी किती द्यावी, हे प्रश्न आपल्या रोजीचे आहेत. आजच्या अभ्यासलेखात आम्ही हा विषय पहिल्या पायरीपासून मांडत आहोत.

अनुदानाचे चार प्रकार

‘सबसिडी’ हा एकच शब्द आपण सर्व प्रकारच्या सरकारी मदतीला लावतो आणि तेथेच गोंधळ होतो. मासेमारीच्या अनुदानाचे ढोबळ मानाने चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार, नवी होडी, मोठे इंजिन किंवा नवी जाळी घेण्यासाठी मिळणारा पैसा. यामुळे समुद्रातून मासा काढण्याची ताकद वाढू शकते.

दुसरा प्रकार, रोजचा खर्च कमी करणारा. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना डिझेलवरील विक्रीकराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळतो, तो या प्रकारातला. होडी तीच राहते, पण डिझेल स्वस्त पडल्यामुळे ती अधिक दूर जाते आणि अधिक दिवस समुद्रात राहते.

तिसरा प्रकार, जुनी होडी मोडीत काढण्यासाठी किंवा परवाना परत करण्यासाठी मिळणारी भरपाई. यामुळे ताकद कमी होते, किंवा निदान वाढत नाही.

चौथा प्रकार, सर्वांच्या उपयोगाचा खर्च. जेटी, बर्फ व शीतगृह, समुद्रातील सुरक्षेची साधने, मासेमारी बंदीच्या काळातील मदत आणि माशांचे संशोधन यांत येते.

कोणत्याही योजनेचे नाव कानावर आले की ती या चारांपैकी कोणत्या खान्यात बसते, हे प्रथम पाहावे. पहिल्या आणि तिसऱ्या खान्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, परंतु जाहिरातीत दोन्हीला ‘मच्छिमार कल्याण’ असेच म्हटले जाते.

क्षमता म्हणजे होड्यांची संख्या नव्हे

ताफ्याची क्षमता म्हणजे एका बंदरातील सर्व होड्या मिळून समुद्रातून मासा काढण्याची जी ताकद असते ती. ती केवळ होड्या मोजून कळत नाही. इंजिनाची अश्वशक्ती, होडीची लांबी, जाळ्याचा आकार, बर्फ ठेवण्याची जागा, समुद्रात राहण्याचे दिवस आणि मासा शोधण्याची यंत्रे, ही सर्व मिळून क्षमता होते.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशोब समजण्यासाठी आम्ही धरलेले आहेत. एका किनाऱ्यावर सारख्या ताकदीच्या १०० होड्या आहेत. तेथला समुद्र हंगामाला १,००० टन मासळी देतो. प्रत्येक होडीच्या वाट्याला १० टन येतात आणि तेवढ्यात सर्वांचे भागते.

आता अनुदानातून २० नव्या होड्या आल्या आणि प्रत्येकीची ताकद जुन्या होडीच्या दुप्पट आहे. ज्यांनी नव्या घेतल्या त्यांनी आपल्या २० जुन्या होड्या शेजारच्या बंदरात विकल्या, म्हणजे त्याही त्याच समुद्रात राहिल्या. एकूण ताकद १०० वरून १४० झाली. समुद्र मात्र १,००० टनच देणार. एका भागाला ७ टनांपेक्षा थोडे अधिक आले. जुन्या होडीवाल्याचे डिझेल तेवढेच, खलाशांचा पगार तेवढाच, आणि मासळी मात्र सुमारे तीन टनांनी कमी.

दुसरा प्रकार पाहा. २० जुन्या होड्या खरोखर मोडीत काढल्या, पण नव्या २० दुप्पट ताकदीच्या आल्या. होड्यांची संख्या पूर्वीइतकीच १०० राहिली, म्हणून कागदावर काहीच वाढले नाही. पण ताकद १२० झाली आणि एका भागाला सव्वाआठ टनांच्या आसपास आले.

तिसरा प्रकार, जुन्या २० मोडीत आणि नव्या २० तेवढ्याच ताकदीच्या, परंतु डिझेल कमी खाणाऱ्या, बर्फ चांगला टिकवणाऱ्या आणि वादळात सुरक्षित. वाटा १० टनांचाच राहिला, खर्च घटला, मासळीला भाव चांगला आला. अनुदानाचा खरा लाभ तो हाच.

तिन्ही प्रकारांत सरकारने पैसा दिला आणि तिन्ही ठिकाणी नवी होडी आली. फरक पडला तो जुन्या होडीचे काय झाले आणि नवीची ताकद किती, या दोन गोष्टींमुळे.

मागाचा धडा

कापडाच्या धंद्यातील माणसांना हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग भिवंडी आणि मालेगावात आले व तेथे वर्षानुवर्षे चालले. एका मालकाने यंत्र बदलले म्हणून जुने यंत्र मरत नाही; ते दुसऱ्या गल्लीत जाऊन त्याच मालकाशी स्पर्धा करते. १९९९ साली वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, पुढे १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीत पॉवरटेक्स इंडिया योजना सुरू झाली. या दुसऱ्या योजनेत साध्या मागालाच नवे भाग जोडून सुधारण्याची सोय होती. म्हणजे तोच माग सुधारायचा, शेजारी दुसरा उभा करायचा नाही. अनुदानाचा हा मार्ग अधिक शहाणपणाचा, असे आमचे मत आहे.

परंतु माग आणि होडी यांत एक मोठा फरक आहे. कापड जास्त झाले तर भाव पडतो, मागवाले आठवड्यातून काही दिवस माग बंद ठेवतात आणि माल खपला की पुन्हा सुरू करतात. सूत पुन्हा विकत मिळते. समुद्रात लहान मासा अंडी देण्यापूर्वीच जाळ्यात आला, तर पुढच्या वर्षीचे सूतच जळून जाते.

आपल्या किनाऱ्याची हकीकत

भारतात होड्यांना इंजिन बसवण्याचे काम स्वातंत्र्यानंतर सरकारी पुढाकाराने वाढले. १९५२ साली केरळच्या किनाऱ्यासाठी भारत-नॉर्वे प्रकल्पाचा करार झाला, तो त्या काळातील प्रसिद्ध प्रयत्न. महाराष्ट्रात राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या अर्थसाहाय्यातून मच्छिमार संस्थांमार्फत यांत्रिक नौका आल्या. त्या काळी समुद्र मोठा आणि होड्या कमी होत्या, म्हणून इंजिनाला मदत देणे योग्यच होते. अनेक कुटुंबे त्यामुळे वर आली. पण त्याच कर्जांची थकबाकी हाही पुढे अनेक संस्थांच्या गळ्यातला दगड झाला.

२०१० च्या सागरी मत्स्यगणनेत महाराष्ट्रात १७ हजारांहून अधिक मासेमारी नौका मोजल्या गेल्या आणि त्यांपैकी सुमारे १३ हजार यांत्रिक होत्या. म्हणजे परिस्थिती उलटली होती. समुद्र तोच, होड्या पुष्कळ. २०१७ च्या राष्ट्रीय सागरी मत्स्य धोरणात ताफ्याचा आकार योग्य मर्यादेत ठेवण्याची गोष्ट स्पष्टपणे आली.

महाराष्ट्रात नियमनाचा मूळ कायदा १९८१ चा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर बंधने आली. नवे परवाने न देता संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावयाची, असे ठरले. विजेच्या झगझगीत दिव्यांनी मासा गोळा करून पकडण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड पुष्कळ वाढले. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. हे सर्व उपाय क्षमता आवरण्याचे आहेत.

आपल्या भागात या प्रश्नाला पापलेटचे नाव आहे. सातपाटीच्या पापलेटची कीर्ती सर्वत्र आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची १३५ मिलिमीटर. जो मासा मानाचा, त्याच्याच पिल्लांना वाचवण्यासाठी नियम करावा लागला, यातच सर्व आले. तळहाताएवढेही नसलेले पापलेट बाजारात ढिगाने विकले जाते, तेव्हा ते विकत घेणारा व्यापारीही त्या नुकसानीत भागीदार असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. होड्या न वाढताही क्षमता जास्त होऊ शकते, जर समुद्रच लहान झाला तर. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याचा पायाभरणी समारंभ झाला. या प्रकल्पात १,४४८ हेक्टर क्षेत्र समुद्रात भर घालून तयार करावयाचे आहे. आसपासच्या मच्छिमार गावांनी याला दीर्घकाळ विरोध केला. बंदराच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणे हा या लेखाचा विषय नाही. परंतु जेथे जाळे टाकण्याची जागा घटते, तेथल्या होड्या उरलेल्या जागेत दाटी करतात, हे व्यापाऱ्याने हिशोबात धरले पाहिजे. अशा भागात क्षमता वाढवणारे अनुदान दुप्पट जपून घेतले पाहिजे.

इतरांचा अनुभव

कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावर कॉड मासा शतकानुशतके सापडत होता. १९७७ मध्ये त्या देशाने २०० सागरी मैलांपर्यंत आपला हक्क सांगितला, परकी जहाजे दूर केली आणि मग स्वतःचा ताफा व कारखाने सरकारी मदतीने वाढवले. २ जुलै १९९२ रोजी त्याच सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचे काम एका घोषणेने गेले. त्यांत होडीवाले होते, तसेच कारखान्यातले कामगार होते. त्यांच्या मागे दुकानदारही होतेच.

युरोपीय देशांनी १९८३ पासून २००२ पर्यंत ताफा आटोक्यात आणण्याचे कार्यक्रम राबवले. त्या काळात एका हाताने जुन्या बोटी मोडण्यासाठी पैसा दिला जाई आणि दुसऱ्या हाताने नव्या बांधण्यासाठी. परिणाम व्हावा तसा झाला नाही. मग २००३ पासून नियम आला की, नवी ताकद ताफ्यात आणण्यापूर्वी निदान तेवढी जुनी ताकद बाहेर काढावी. सरकारी पैशाने मोडलेल्या बोटीची जागा मात्र पुन्हा भरता येत नाही. नव्या बोटी बांधण्याचे अनुदान २००४ अखेर बंद झाले. २०२१ ते २०२७ च्या निधीतून इंजिन बदलण्यास मदत मिळते, पण नवे इंजिन जुन्यापेक्षा अधिक ताकदीचे असता कामा नये.

आपल्याच देशात तमिळनाडूचा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. पाल्कच्या उपसागरात ट्रॉलर फार झाले आणि ते श्रीलंकेच्या हद्दीत जाऊन पकडले जात. म्हणून २०१७ मध्ये योजना निघाली. ट्रॉलर सोडावा आणि खोल समुद्रातील बोट घ्यावी. बोटीची किंमत ८० लाख धरली. त्यात केंद्राचे ४० लाख, राज्याचे १६ लाख, बँकेचे कर्ज १६ लाख आणि मच्छिमाराचे ८ लाख. तीन वर्षांत २,००० ट्रॉलर बदलावयाचे होते. योजनेचा विचार उत्तम होता, कारण जुनी बोट काढल्याशिवाय नवी नाही. पण ती लक्ष्याच्या जवळपासही पोचली नाही. खोल समुद्रातल्या एका फेरीचा खर्च मोठा, ट्यूना पकडण्याचे कसब वेगळे आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. ७० टक्के रक्कम सरकारने दिली तरी उरलेले ३० टक्के माणसाला बुडवू शकतात, हा त्यातला धडा.

जागतिक व्यापार संघटनेतही हा प्रश्न वीस वर्षांहून अधिक काळ चालला. १७ जून २०२२ रोजी जिनेव्हात मत्स्य अनुदानाचा करार संमत झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून तो अमलात आला. बेकायदा मासेमारी आणि आधीच खालावलेल्या साठ्यांवरील मासेमारी, यांना मदत देऊ नये, असा त्याचा आशय आहे. क्षमता वाढवणाऱ्या अनुदानावर मात्र त्या करारात तोडगा निघाला नाही आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही एकमत झाले नाही. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली जगातील सरकारांनी मासेमारीवर सुमारे ३५ अब्ज डॉलर अनुदान दिले आणि त्यातील सुमारे २२ अब्ज क्षमता वाढवणारे होते. भारताचे म्हणणे असे की, ज्या श्रीमंत देशांनी मोठमोठी जहाजे दूरच्या समुद्रात पाठवली त्यांनी आधी हात आवरावा आणि गरीब देशांच्या लहान मच्छिमारांना २५ वर्षांची मुदत द्यावी. हे म्हणणे न्यायाचे आहे. पण ती मुदत घरातल्या मोठ्या होडीवाल्याने लहानाच्या नावावर वापरावी, असा त्याचा अर्थ नव्हे.

कागदावरचा हिशोब

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. २०२०-२१ पासून पाच वर्षांसाठी २०,०५० कोटी रुपयांची ही योजना पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवण्यात आली. पारंपरिक मच्छिमारांना खोल समुद्रातील बोट घेण्यासाठी या योजनेत बोटीची किंमत १२० लाख धरली होती. सर्वसाधारण लाभार्थीला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान.

४० टक्के म्हणजे ४८ लाख. उरले ७२ लाख. ही रक्कम दहा वर्षांत वसूल करावयाची म्हटली तर वर्षाला ७ लाख २० हजार. दोन महिने बंदीचे सोडले तर मासेमारीच्या प्रत्येक महिन्याला ७२ हजार रुपये बाजूला पडले पाहिजेत. हे डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, तांडेल व खलाशांचा पगार आणि विमा भरून झाल्यावर. कर्जाचा बोजा असेल तर तो वेगळाच.

दुसरी गोष्ट, अनुदानाची टक्केवारी ठरवलेल्या किमतीवर असते. बोट प्रत्यक्षात १४० लाखांत पडली, तर वरचे २० लाख पूर्णपणे घेणाऱ्याचे. १४० मधून ४८ गेले, ९२ लाख उरले. तिसरी गोष्ट, काम झाल्यावर तपासणी होऊन अनुदान येते. तोवर पैसा आपला किंवा उसना. ज्याने उसना घेतला त्याने उशिराचा खर्चही धरावा.

हा हिशोब पाहून कोणी घाबरावे, असा आमचा हेतू नाही. जो खरोखर समुद्राचा माणूस आहे, ज्याची होडी जुनी व धोक्याची झाली आहे आणि ज्याने जुनी मोडून नवी घ्यावयाची ठरवले आहे, त्याच्यासाठी अनुदान ही मोठी मदत आहे. ती त्याने मागून घ्यावी. तो त्याचा हक्क आहे.

नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा

वर ४० आणि ६० टक्क्यांचा जो फरक सांगितला, तो १२० लाखांवर २४ लाखांचा होतो. येथेच आपल्या व्यापाऱ्यांची परीक्षा आहे.

काही काळापूर्वी एक ओळखीचे गृहस्थ आमच्या दुकानी आले. प्रस्ताव असा. मच्छिमार घरातील एका बाईच्या नावाने अर्ज करावयाचा, पैसा आम्ही काहीजणांनी मिळून घालावयाचा, बोट आम्ही चालवावयाची आणि तिला वर्षाला ठराविक रक्कम द्यावयाची. खोटे कशाला सांगावे, आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या रात्री हिशोब गोड दिसत होता.

सकाळी आम्ही दोन प्रश्न विचारले. बोट तोट्यात गेली तर बँकेची नोटीस कोणाच्या दारावर लागेल? उत्तर आले, तिच्या, कारण कागद तिचे. आणि त्या घरची जुनी होडी कोठे जाणार? उत्तर आले, तिला गिऱ्हाईक तयार आहे, दुसऱ्या बंदरात. म्हणजे नफा आमचा, जोखीम त्या बाईची, सवलत सरकारी तिजोरीची आणि नुकसान सर्व किनाऱ्याचे. ती बाई आमच्याकडे उधारीवर कापड नेणारी, हप्त्याने का होईना पण एक पैसा न बुडवणारी. आम्ही नाही म्हणालो. ही आमची थोरवी नव्हे. पहिल्या रात्रीच नाही म्हणालो असतो तर ती थोरवी झाली असती.

सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. बैतुलमालच्या बाबतीत इस्लामने किती कडक जबाबदारी घातली आहे, हे आपण सर्व जाणतो. ज्या माणसासाठी रक्कम ठरली त्याचे नाव वापरून ती दुसऱ्याने घेणे म्हणजे खयानत. ती सरकारच्या नियमात पकडली गेली नाही, म्हणून हलाल होत नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक घटना या विषयाला फार लागू आहे. जकातीच्या व लोकोपयोगी जनावरांसाठी काही कुरणे राखीव होती. त्यांना ‘हिमा’ म्हणत. अशा एका हिमावर हजरत उमर (रजि.) यांनी हुनैय नावाचा माणूस नेमला. त्यांनी त्याला बजावले की, ज्याच्याकडे थोडे उंट आणि थोड्या बकऱ्या आहेत त्याला आत येऊ द्यावे, पण इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांचे कळप रोखावेत. हे दोघे थोर सहाबी होते. तरीही रोखण्याचे कारण असे दिले की, त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याजवळ खजुरीच्या बागा आणि शेते आहेत. गरिबाची मेली तर तो मुले घेऊन दारात उभा राहील. हे बुखारी शरीफमध्ये आले आहे. कुरण मर्यादित आहे, म्हणून कळप मर्यादित. आणि मर्यादा घालताना आधी लहानाचा विचार. आजच्या भाषेत यालाच क्षमता-व्यवस्थापन म्हणतात.

व्यापाऱ्याने आणि कारागिराने काय करावे?

१. होडीत भागीदारी करावयाची असेल तर ती उघड आणि लेखी असावी. नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात सोसावा. सूरे बकरामध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा आदेश आहे, तो अशाच प्रसंगांसाठी आहे. सूदी कर्जाचा प्रश्न असेल तेथे उलेमांचा सल्ला घ्यावा. फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही.

२. पैसा घालण्यापूर्वी जुन्या होडीचा कागद पाहावा. ती मोडली काय, तिची नोंदणी रद्द झाली काय, तिचा परवाना परत केला काय? ती दुसऱ्या बंदरात चालू राहणार असेल, तर आपणच आपल्या नव्या होडीसमोर स्पर्धक उभा करतो.

३. नव्या होडीची नोंदणी आणि मासेमारी परवाना यांची खात्री करावी. मासेमारी नौकांची नोंद आता ‘रियलक्राफ्ट’ या संगणकीय प्रणालीत होते. नोंद नसलेल्या होडीला ना अनुदान, ना डिझेलचा परतावा; आणि उद्या भरपाईचा प्रश्न आला तर मालकाजवळ दाखवायला कागद नाही.

४. योजना चालू आहे काय, टक्केवारी किती, अटी कोणत्या, हे दलालाकडून न ऐकता पालघरच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात किंवा गावच्या मच्छिमार संस्थेत जाऊन विचारावे. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वीज व कर्जाच्या सवलतींचे नियम बदलत आहेत. बर्फ कारखानदारांनी याची चौकशी जरूर करावी.

५. बर्फवाले, जाळीवाले आणि आमच्यासारखे उधारी देणारे, यांनी बंदरात नव्या होड्या किती आल्या हे पाहून माल वाढवू नये. एका होडीला सरासरी किती मासळी येते, हे पाहावे. होड्या वाढल्या की पहिले काही दिवस सर्वांचा धंदा वाढतो. नंतर वाटा घटतो आणि पहिली थकते ती आपली उधारी.

६. डिझेल मेकॅनिक, वेल्डर आणि सुतार बांधवांनी जुनी होडी सुधारण्याचे काम शिकून घ्यावे. कमी डिझेलवर चालणारे इंजिन बसवणे, बर्फाच्या खणाला चांगले अस्तर लावणे, या कामात ताफा न वाढवता मजुरी मिळते. होडी तीच राहते आणि मासळी ताजी येते.

७. पापलेटची पिल्ले विकत घेऊ नयेत. घेणारा नसला तर आणणाराही विचार करतो.

८. उचल देऊन मासळी बांधून घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, पाण्यातला, अजून हाती न आलेला मासा विकणे फिकहमध्ये जायज नाही. मदत म्हणून दिलेल्या रकमेच्या बदल्यात भाव पाडून घेणे, हाही विचारून घेण्याचा विषय आहे.

समारोप

सरकारी अनुदान नव्या होडीची किंमत कमी करते. समुद्रातला मासा वाढवत नाही. म्हणून अनुदानाची योजना ऐकली की आपण सर्वप्रथम विचारावे, जुनी होडी कोठे गेली? या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले तर पुढचे कागद पाहावेत. न मिळाले तर हात मागे घ्यावा. वरोर-सातपाटीच्या किनाऱ्यावरची होडी पोट भरते, तोवर वाणगावच्या दुकानात बस्ता बांधला जातो. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या माहितीतील एखादी सरकारी योजना वरील चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात मोडते?

२. एका बंदरात ५० सारख्या होड्या आहेत. १० जुन्या मोडून दीडपट ताकदीच्या १० नव्या आणल्या, तर एकूण ताकद किती झाली? होड्यांच्या संख्येवरून हा फरक कळतो काय?

३. बोटीची ठरवलेली किंमत १२० लाख, प्रत्यक्ष किंमत १३० लाख आणि अनुदान ४० टक्के. घेणाऱ्याच्या वाट्याला किती रक्कम आली?

४. आपल्या धंद्यात जुने यंत्र विकले जाते तेव्हा ते कोठे जाते आणि त्याचा आपल्याच मालाच्या भावावर काय परिणाम होतो?

(उत्तरे : दुसऱ्या प्रश्नाचे ५५ भाग, तिसऱ्याचे ८२ लाख. पहिला आणि चौथा प्रश्न जुम्याच्या नमाजनंतर चार व्यापारी बांधवांनी एकत्र बसून सोडवावा.)